केक खालून करपतो, वरून कच्चा राहतो

प्रश्न : मी गोव्यात साखळीला राहते. धाकट्या मुलीला यंदा दहा वर्षे पूर्ण होत आहेत आणि तिचा वाढदिवस नेमका श्रावणी सोमवारी आला आहे. त्या दिवशी घरात अंडे चालत नाही आणि बाहेरच्या केकची खात्री देता येत नाही, म्हणून चॉकलेट केक घरीच करावा असे मनात आहे. आमच्याकडे ओव्हन नाही. आतापर्यंत दोनदा करून पाहिला. पहिल्या वेळी पाच लिटरच्या कुकरमध्ये मीठ पसरले, शिट्टी काढली आणि स्टीलच्या डब्यात केक ठेवला. पंधरा-वीस मिनिटांनी उघडून पाहिले तेव्हा सुरेख फुगला होता, पण पुन्हा झाकण लावल्यावर मधोमध खड्डा पडला, तळ कोळशासारखा झाला आणि आतून कच्चाच राहिला. दुसऱ्या वेळी टोपात, अगदी बारीक आचेवर केला, तर वरून पाणी गळल्यासारखा चिकट आणि रबरासारखा झाला. रंगही मातकट आला. गावातल्या दुकानात कोको पावडर मिळाली नाही, म्हणून मुले दुधात घालून पितात ती चॉकलेटची पावडर वापरली होती. सासूबाई म्हणाल्या, "ओव्हन नासतना केक कसो जातलो?" (ओव्हन नसताना केक कसा होईल?) ओव्हन विकत घ्यावा का, की यातून काही मार्ग निघेल?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. ओव्हन घेण्याची घाई करू नका. दोन्ही केकची लक्षणे तुम्ही इतक्या बारकाईने लिहिली आहेत की दुखणे ओव्हन नसण्याचे नाही हे पत्र वाचतानाच कळते. पहिल्या केकला आच जास्त लागली आणि त्याचे झाकण वेळेआधी उघडले गेले, दुसरा स्वतःच्याच वाफेने भिजला, आणि त्या साखरेच्या पावडरीने दोन्ही वेळा घात केला. या तिन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्याकडेच असावे असा माझा अंदाज आहे. त्यांनी कधी तवसळी, म्हणजे काकडीचा भाजलेला गोड पदार्थ, केली होती का, आणि केली असेल तर कशावर, हे त्यांना एकदा विचारा. पावसाळ्यात मोठी, पिवळी पडलेली तवशी (काकड्या) घरात येऊ लागली की किसलेले तवसे, रवा, गूळ आणि खोबरे यांचे ते मिश्रण जाड बुडाच्या भांड्यात घालून चुलीवर चढवीत आणि झाकणावर निखारे ठेवीत. कोकणात धोंडस म्हणतात तेही याच पद्धतीचे. ओव्हन कोणाच्याच घरी नव्हता, तरी भाजलेला गोड पदार्थ पानात येत असे. बेबिंक हे गोव्याचे थरांचे पक्वान्न तर जवळजवळ वरच्याच आचेवर होते. एकेक थर ओतायचा आणि त्याच्यावर निखाऱ्यांची धग धरायची.

माझी आजी तवसळी करताना झाकणावर करवंट्यांचे निखारे पसरी आणि त्यांच्यावर वीतभर अंतरावर तळहात धरून मनाशी आकडे मोजत असे. आकडा लवकर थांबला, म्हणजे हात पोळला, तर ती उलथन्याने दोन निखारे बाजूला सारी. फारच पुढे गेला तर पंख्याने वारा घाली. चुलीतले लाकूड मात्र तिने आधीच मागे ओढलेले असे, आणि खाली नुसती राख मिसळलेली धग राही. वर जास्त आणि खाली कमी, असा तो सगळा हिशेब होता. तुमच्या कुकरमध्ये नेमके उलटे झाले.

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीची जमीन, भिंती आणि वरचा घुमट असे सगळेच तापलेले असते, म्हणून पाव वरूनही तांबूस होतो. गॅसवर ठेवलेल्या भांड्यात उष्णता फक्त खालून येते. ती आधी तळ तापवते, मग आतली हवा, आणि केकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते. आच मोठी ठेवली तर वरचा भाग शिजण्याची वेळ येईपर्यंत तळाची राख झालेली असते. झाकणावर निखारे ठेवणे आज आपल्याला शक्य नाही, तेव्हा तळाची उष्णता अडवून धरून वरच्या भागाला पुरेसा वेळ देणे एवढेच हाती राहते. यापुढे मी जे जे सांगणार आहे ते सगळे याच एका गोष्टीसाठी आहे.

केकची निवड मात्र तुम्ही अचूक केली आहे. बिनओव्हनच्या केकचा माथा कधीच नीट तांबूस होत नाही. व्हॅनिलाचा केक या पद्धतीने केला तर चवीला चांगला होतो, पण दिसायला आजारी माणसासारखा फिकट दिसतो. चॉकलेट केक मुळातच काळसर असल्यामुळे त्याचे हे उणेपण कोणाच्या लक्षात येत नाही. अर्थात त्याच काळसरपणामुळे करपलेलेही डोळ्यांना कळत नाही, म्हणून येथे नाकावर विसंबावे लागते.

आता भांड्याविषयी. पहिल्यांदा वापरलात तो कुकर मी तुम्हाला परत वापरू देणार नाही, आणि त्याला कारण आहे. पुष्कळ कुकरांच्या झाकणावर जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यात कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा तुकडा बसवलेला असतो. कुकरमधले पाणी आटून भांडे भलतेच तापले तर तो वितळावा आणि वाफेला वाट मिळावी, अशी ती योजना आहे. कोरड्या कुकरमध्ये पाऊण तास केक भाजताना नेमकी तीच परिस्थिती आपण हाताने निर्माण करतो. केक होतो, पण तो व्हॉल्व्ह कमकुवत होऊन दुसऱ्या दिवशी डाळ शिजवताना दगा देऊ शकतो. शिवाय झाकणाची रबरी रिंग काढायला विसरले तर ती भाजून निघते. माझ्या स्वतःच्या पहिल्या केकला जळक्या रबराचा वास आला होता आणि घरच्यांनी तो निमूटपणे खाल्ला होता, ही आठवण मला अजून सुखाची वाटत नाही. कुकरचे नुसते भांडे वापरून त्यावर साधे ताट झाकले तर चालेल, पण त्याहून जुना, जाड बुडाचा, रुंद तोंडाचा अ‍ॅल्युमिनियमचा टोप बरा. नॉनस्टिकचे भांडे रिकामे तापवू नये, कारण अति तापल्यावर त्याचा लेप खराब होऊन घातक धूर सुटतो. मातीचे कुंडले गॅसच्या ज्योतीवर कोरडे ठेवले तर तडकण्याची भीती असते.

टोपाखाली एक जुना लोखंडी तवा ठेवा. गॅसची ज्योत वर्तुळात जळते आणि तिच्या नेमक्या वर भांड्याचा तळ अधिक तापतो. मध्ये तवा आला की ती उष्णता पसरते आणि सावकाश वर चढते. तव्याने गॅस थोडा जास्त जाईल, पण केकचा तळ वाचेल.

टोपात मीठ घाला. मिठाचे काम उष्णता साठवून ती सगळीकडे सारखी पोचवणे आणि रिकाम्या तापणाऱ्या भांड्याचा तळ सांभाळणे एवढेच आहे, तेव्हा अर्ध्या पेराइतका थर पुरतो. 24 सेंटिमीटर रुंदीच्या टोपाला साधारण दोन कप. आगरातले जाडे गावठी मीठ यासाठी उत्तम, फक्त त्यात ओल असते. ते तसेच टोपात घालून झाकण लावले तर खड्यांत अडकलेले पाणी तापून तडतडते, आणि सुटलेली वाफ केकच्या माथ्यावर जाऊन बसते. म्हणून आधी टोप उघडा ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटे मीठ परतून घ्या. तडतडणे थांबले आणि खडे एकमेकांना न चिकटता सुटे वाजू लागले की ते कोरडे झाले असे समजावे. हे मीठ थंड झाल्यावर डब्यात भरून पुढच्या केकसाठी ठेवा, स्वयंपाकात परत घालू नका. तुमच्या दुसऱ्या केकच्या वरच्या पाण्याचे एक कारण हे ओले मीठच असावे.

दुसरे कारण झाकण. केकमधून निघालेली वाफ थंड झाकणाला लागली की तिचे पाणी होते आणि ते थेंब थेंब खाली पडते. पावसाळ्यात हे अधिक जाणवते. त्यासाठी जाड सुती फडके झाकणाच्या खालच्या बाजूने ताणून त्याची चारही टोके वर आणून मुठीपाशी घट्ट गाठ मारावी. टोके खाली लोंबकळत राहिली तर ज्योत पकडेल, ही गोष्ट विसरू नका. झाकण गच्च बसणारे नको. त्याला वाफ जाण्यापुरते छिद्र असेल तर अधिक चांगले, आणि नसेल तर एका कडेला काडेपेटीच्या काडीएवढी फट ठेवा.

मिठावर लोखंडी कडे किंवा तिवई ठेवायची आणि तिच्यावर केकचा डबा. डबा स्टीलचा नको. अ‍ॅल्युमिनियम हे स्टीलपेक्षा दहा पटींहून अधिक वेगाने उष्णता पसरवते, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात कडा आणि मधला भाग यांच्या शिजण्यात फार अंतर पडत नाही. स्टीलच्या डब्यात तिवई टेकते तेथे करपते आणि दोन इंचांवर कच्चे राहते. सहा इंच व्यासाचा, दोन-अडीच इंच उंचीचा गोल डबा घ्या. त्याच्या आणि टोपाच्या भिंतीच्या मध्ये चहूबाजूंनी किमान दोन बोटे जागा राहिली पाहिजे, नाहीतर तापलेल्या हवेला वर येण्याची वाटच उरत नाही. डब्याला तेलाचा हात फिरवून तळाला बटर पेपर कापून बसवा. तवसळीला तळाशी केळीचे पान घालतात तसे येथेही घालावे असा मोह होईल. पण पानाचा वास गुळाला जितका शोभतो तितका कोकोला शोभत नाही, असे माझे मत आहे.

आता त्या पावडरीविषयी. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीत बहुतांश साखर असते आणि कोको थोडा. साखर करपायला फार वेळ लागत नाही, म्हणून तुमचा तळ काळा झाला, आणि कोको नावापुरताच होता, म्हणून रंग मातकट आला. साखळीत मिळाली नाही तरी पणजी, म्हापसा किंवा फोंड्याला केकचे सामान विकणाऱ्या दुकानांत बिनसाखरेची कोको पावडर नक्की मिळते. विकत घेताना साधी, तांबूस-करड्या रंगाची घ्या. अगदी गडद, जवळजवळ काळी दिसणारी जी असते तिच्यावर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते. तिचा आंबटपणा गेलेला असल्यामुळे नुसत्या सोड्याच्या केकमध्ये ती घातली तर सोड्याला पुरेसे आम्ल मिळत नाही आणि साबणासारखी चव राहते.

सहा इंची डब्याचे प्रमाण असे आहे. कप 240 मिलिलिटरचा आणि चमचा 5 मिलिलिटरचा, आणि एकदा घेतलेला कप शेवटपर्यंत तोच. घरातल्या वाट्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि केक हा पदार्थ अंदाजपंचे होत नाही. मैदा एक कप, म्हणजे सुमारे 125 ग्रॅम. कोको तीन सपाट मोठे चमचे (15 मिलिलिटरचे), म्हणजे सुमारे 20 ग्रॅम. दळलेली साखर 130 ग्रॅम. वजनकाटा नसेल तर अख्खी साखर दोन-तृतीयांश कप मोजून घ्यावी आणि मग दळावी. खाण्याचा सोडा अर्ध्या चमच्याहून किंचित अधिक, मीठ पाव चमचा. ओल्या सामानात वासरहित तेल पाव कपाला थोडे कमी, पाणी दोन-तृतीयांश कप, व्हॅनिला अर्धा चमचा आणि व्हिनेगर दोन चमचे. यात अंडे नाही, दूध नाही, लोणीही नाही.

अंड्याचे काम येथे सोडा आणि व्हिनेगर मिळून करतात. दोघे एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात, ते मिश्रणात अडकतात, आणि उष्णता लागली की फुगून केकला वर उचलतात. सोडा जुना असला तरी सहसा बिघडत नाही, बेकिंग पावडर मात्र आपल्याकडच्या दमट हवेत लवकर निकामी होते. तरीही खात्रीसाठी चिमूटभर सोड्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून तो फसफसतो का ते पाहून घ्या. व्हिनेगर म्हणून माडाच्या सुरेचे गावठी व्हिनेगर अगदी योग्य आहे. भाजल्यावर त्याचा वास राहत नाही. परंतु वाढदिवस श्रावणी सोमवारचा आहे, आणि सुरेपासून झालेली वस्तू त्या दिवशी घरात चालेल की नाही हे सासूबाईंना आधी विचारलेले बरे. त्यांना पटले नाही तर तेवढाच लिंबाचा रस घाला. केकला दोन्ही सारखेच.

पहिल्यांदा भांडे तापवायचे आणि मिश्रण नंतर करायचे. हा क्रम उलटा करू नका. मीठ परतून झाले की तिवई ठेवून, झाकण लावून टोप मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्या. पुरेसा तापला की नाही हे पाहण्याची जुनी पद्धत सांगते. स्टीलच्या छोट्या ताटलीत चमचाभर मैदा पसरून ती तिवईवर ठेवा आणि झाकण लावून पाच मिनिटांनी पाहा. मैदा भाजलेल्या रव्यासारखा सोनेरी झाला असेल तर आच नेमकी आहे. पांढराच राहिला तर अजून तापवा. गडद तपकिरी झाला तर आच कमी करून, झाकण काढून तीन-चार मिनिटे थांबा आणि नवीन मैद्याने पुन्हा पाहा. तुमच्या शेगडीचे बर्नर, तुमचा तवा आणि तुमचा टोप यांचा स्वभाव मला येथे बसून कळणार नाही; तो हा चमचाभर मैदा तुम्हाला सांगेल.

टोप तापत असतानाच कोरडे सामान तीनदा चाळून घ्या. पावसाळ्यातल्या मैद्यात आणखी काय काय असते ते चाळणीत कळतेच, आणि कोकोच्या गुठळ्याही मोडतात. पाणी कडकडीत गरम करून त्यातले अर्धे एका वाटीत कोकोवर ओतून ढवळले तर कोकोचा स्वाद खुलतो. ही पायरी करायची असेल तर कोको चाळणीत घालू नका आणि ते मिश्रण पूर्ण निवू द्या. तेल, पाणी (कोको भिजवला असेल तर तो आणि उरलेले पाणी) आणि व्हॅनिला एकत्र करून कोरड्या सामानात ओता आणि एकाच दिशेने, अलगद, पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळा. बारीकसारीक गुठळ्या राहिल्या तरी राहू द्या. भज्यांचे पीठ आपण फेटतो तसे हे फेटले की मैद्यातले ग्लूटेन ताणले जाते आणि केक चिवट होतो. तुमचा दुसरा केक रबरासारखा झाला तो पाण्याबरोबर यामुळेही असावा. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस अगदी शेवटी घालायचा. तो पडताच मिश्रणात फिकट रेघा उमटतात आणि वर बारीक फेस येतो; दहा-बारा वेळा चमचा फिरवून ताबडतोब डब्यात ओता, डबा ओट्यावर दोनदा आपटा आणि टोपात ठेवा. या वेळी फोन वाजला तर वाजू द्या. बुडबुडे निघून जाण्याआधी मिश्रणाला उष्णता मिळाली पाहिजे.

डबा आत गेल्यावर पहिली पाच मिनिटे आच मध्यमाहून थोडी कमी, कारण झाकण उघडल्याने निघून गेलेली उष्णता भरून यायची असते. त्यानंतर लहान बर्नरवर जितकी मंद ज्योत स्थिर राहील तितकी. पस्तीस मिनिटे झाकणाला हात लावू नका. पहिल्या केकचा खड्डा कसा पडला ते सांगते, म्हणजे हात आवरणे सोपे जाईल. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला केक फुगलेला दिसतो, पण त्याला धरून ठेवणारा सांगाडा अजून तयार झालेला नसतो. मैद्यातला स्टार्च शिजून घट्ट व्हायचा असतो, आणि आतले तापमान नव्वद अंशांच्या पुढे गेल्याशिवाय ते पुरते होत नाही. तेव्हा तो केवळ गरम वायूवर तरंगत असतो. झाकण उघडले, थंड हवा आत गेली, बुडबुडे आकसले आणि केक खाली बसला. एकदा बसलेला केक पुन्हा उठत नाही.

तिसाव्या मिनिटाच्या सुमारास स्वयंपाकघरात चॉकलेटचा वास भरेल. तो गोडसर असेपर्यंत काळजी नाही. त्यात कडवट, भाजक्या शेंगदाण्यांच्या टरफलांसारखी झाक आली तर तळ करपू लागला असे समजून आच लगेच बंद करा आणि उरलेले मिठाच्या उष्णतेवर होऊ द्या. पस्तीस मिनिटांनंतर झाकण वाफ केकवर सांडू न देता सरळ वर उचला आणि माडाची हीर (झावळीची काडी), नवीन, धुऊन पुसलेली, केकच्या मधोमध तळापर्यंत खुपसून बाहेर काढा. हिरीला ओले पीठ लागले तर आणखी सात-आठ मिनिटे. चुरा चिकटून आला तर झाला. अगदी स्वच्छ निघेपर्यंत वाट पाहू नका, कारण या भांड्यात आच बंद केल्यावरही मीठ बराच वेळ तापलेले राहते आणि केक आतल्या आत शिजत असतो. एकूण वेळ चाळीस ते पन्नास मिनिटांच्या दरम्यान कुठेतरी बसेल.

आच बंद केल्यावर झाकण अर्धवट सरकवून पाच मिनिटे थांबा, मग डबा बाहेर काढून दहा मिनिटे तसाच ठेवा, आणि त्यानंतर कडेने सुरी फिरवून जाळीवर पालथा करा. गरम केक कापला की त्याचा चुरा होतो. मुले भोवती फिरतील, पण दोन तास तरी कापू नका.

एवढे सगळे वाचून धीर खचला असेल तर एक सोपी वाटही आहे, आणि ती कमी प्रतीची आहे असे मी मानत नाही. हेच मिश्रण डब्यात घालून, डब्याचे तोंड फॉइलने घट्ट बांधून, सान्नां किंवा इडली उकडतो तसे इडलीपात्रात मध्यम आचेवर पन्नास मिनिटे उकडा. पाणी आधी उकळलेले हवे आणि ते मध्येच संपता कामा नये. उकडलेला केक करपणे शक्यच नाही, आणि तो मऊ, ओलसर, जवळजवळ पुडिंगकडे झुकणारा होतो. त्याला भाजल्याचा खमंगपणा आणि कडेचा कुरकुरीतपणा मात्र येत नाही. मला विचाराल तर वाढदिवसाला भाजलेलाच करावा. पण सोमवारच्या आधी एकदा करून पाहायला वेळ मिळणार नसेल, तर उकडलेला केक मान खाली घालायला लावणार नाही.

एका केकचे आठ तुकडे होतात. पाहुणे जास्त असतील तर दुप्पट मिश्रण मोठ्या डब्यात घालू नका, कारण जितका केक जाड तितका मधला भाग कच्चा राहण्याचा धोका मोठा. एकामागून एक दोन केक करा. दुसऱ्याचे मिश्रण पहिला बाहेर आल्यावरच कालवायचे, आणि मीठ आधीच तापलेले असल्याने टोप पुन्हा तापवण्याची गरज नाही. उलट दोन मिनिटे उघडा ठेवून थोडी उष्णता जाऊ द्यावी.

ओव्हनविषयी तुम्ही स्पष्ट विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगते. वर्षाला चार-पाच केक करायचे असतील तर घेऊ नका. बिस्किटे, पाव, नानकटाई यांची हौस असेल तर घ्या, कारण त्यांना वरून कोरडी उष्णता लागते आणि ती टोपात कशानेही मिळत नाही. पावसात तुमच्याकडे वीज वारंवार जात असेल तर विजेच्या ओव्हनमध्ये अर्ध्यावर अडकलेला केक वाचवता येत नाही, हेही हिशेबात धरा. गॅसला ती अडचण नाही.

केक सोमवारी सकाळी करायला घेऊ नका, रविवारी संध्याकाळी करा. लोण्याचा केक दुसऱ्या दिवशी घट्ट होतो, तेलाचा मात्र मऊच राहतो आणि रात्रभरात कोकोची चवही मुरते. वरून क्रीम लावायचा बेत असेल तर सोडून द्या. श्रावणातल्या दमट उकाड्यात ते मेणबत्ती पेटवेपर्यंत ओघळेल. त्याऐवजी 100 ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरून घ्या, नारळाचा पहिला, दाट रस 80 मिलिलिटर, कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, नाहीतर तो फुटतो. तो चॉकलेटवर ओतून दोन मिनिटे हात न लावता ठेवा आणि मग मधून कडेकडे हळू ढवळा. आधी ते फाटल्यासारखे दिसेल, मग एकाएकी आरशासारखे चकचकीत होईल. कोमट असताना केकच्या मधोमध ओता आणि ताटली तिरकी करून कडांवरून आपोआप उतरू द्या. वर भाजलेल्या काजूचे तुकडे पुरेत. नारळाचा रस उघड्यावर टिकत नाही, म्हणून हे काम सोमवारी दुपारनंतर करा.

रविवारची रात्र केकने कुठे काढायची, हा शेवटचा प्रश्न. फ्रिजमध्ये ठेवला तर तो कोरडा पडतो. पूर्ण थंड झालेला केक डब्यात पालथा घालून, वर स्वच्छ फडके टाकून झाका, आणि तो डबा पाणी घातलेल्या परातीत मधोमध एका वाटीवर ठेवा. मुंग्यांना वास अर्ध्या तासात लागतो. परातीच्या पाण्यात डब्याचे बूड टेकलेले नाही ना, एवढे झोपण्यापूर्वी एकदा पाहून घ्या.